कापशा पाय आपटतो

१

त्र्यंबक हेरवाडकर एका दैनिकाच्या छापखान्यात रात्रपाळीला खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचा. संध्याकाळी सातला सायकल काढायची, पहाटे जुळवलेल्या पानांचा शेवटचा फर्मा मशीनवर चढला की बोटांची शाई रॉकेलनं पुसून घरी यायचं, हा क्रम अकरा वर्षं चालला होता. घर म्हणजे मंगळवार पेठेत घरमालक दत्तोपंतांच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. मागं परसू, परसात आड. नळ आल्यापासून आडाचं पाणी कुणी शेंदत नव्हतं, म्हणून दत्तोपंतांनी वर पाच जाड फळ्या टाकून तो झाकून टाकला होता.

सकाळी कुंदाला शाळेत सोडायचं, मंडई करायची, अंघोळ, जेवण. साडेदहाला त्याची बायको लीला तिच्या शाळेत शिकवायला जायची. साडेअकराला सहा वर्षांची कुंदा घरी यायची. तिला वाढून दिलं की बाराच्या सुमाराला त्र्यंबक बाहेरच्या खोलीत कॉटवर आडवा व्हायचा. लीला पाचला येईपर्यंत घरात बापलेक दोघंच, आणि कापशा.

कापशा म्हणजे ससा. कुंदाच्या वाढदिवसाला तिच्या मामानं आणून दिलेला. पांढराशुभ्र, डावा कान राखी. दिवसभर कुंदाच्या मागून फिरायचा, कोथिंबिरीच्या काड्या खायचा, कुणाला त्रास म्हणून नाही. पण दुपारी त्र्यंबकचा डोळा लागला रे लागला की कॉटखाली धप्प व्हायचं. ससा मागचा पाय जमिनीवर आपटतो हे त्र्यंबकला तोवर माहीत नव्हतं. जीव एवढासा, पण फरशीवर आवाज असा उठायचा की कुणी पाटा टाकलाय. तो दचकून उठायचा, वाकून बघायचा. कापशा कान टवकारून बसलेला असायचा. बघायचा मात्र त्याच्याकडं नाही, मागच्या खोलीच्या दाराकडं. त्र्यंबक उठून बसला की कान खाली. पुन्हा डोळा लागला की पुन्हा धप्प.

दीड महिना असा गेला. एका रात्री कुणाच्या तरी निधनाच्या बातमीत त्यानं गेलेल्या माणसाच्या जागी जिवंत भावाचं नाव जुळवलं. सकाळी तो भाऊ छापखान्याच्या दारात उभा. त्या दिवशी त्र्यंबकनं ठरवलं, ससा घरात नको.

दूध घालायला येणारी बाळाबाई गडमुडशिंगीची. तिला विचारलं तर ती लगेच तयार झाली. म्हणाली, परड्यात राहील, नातवाला खेळायला होईल. लीलाचीही ना नव्हती. कुंदा शाळेत असताना त्र्यंबकनं कापशाला बाळाबाईच्या पाटीत ठेवलं, वर फडकं बांधलं. बांधताना कापशानं त्याचं शाईचं बोट चाटलं. त्यानं हात काढून घेतला.

कुंदाला काय सांगायचं हे त्यानं ठरवलेलं नव्हतं. ती घरी आली, कॉटखाली वाकली, परसात गेली, परत आली. आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "सकाळी मागचं दार तू उघडं टाकलंस. गेला निघून."

ती रडली नाही. मागच्या दाराशी गेली, कडी वर करून बघितली, खाली करून बघितली, आणि तिथंच बसून राहिली.

२

त्या दुपारी त्र्यंबक झोपला तो पाचला लीलानं हलवल्यावरच उठला. अशी झोप त्याला वर्षानुवर्षं मिळाली नव्हती. जागा झाला तेव्हा हातपाय जड झाले होते, जणू कुणी वापरून परत आणून ठेवलेत. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशीही. छापखान्यात फोरमननं, आता माणसात आलात, असं म्हटलं.

कुंदा मात्र गप्प झाली. लीला आली की तिच्या पदराला धरून चालायची. शाळेतून घरी यायला रेंगाळायची. एकदा तर बारा वाजेपर्यंत आलीच नाही. त्र्यंबक बघायला गेला तर कोपऱ्यावरच्या गिरणीच्या पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. सशाचा राग आहे, निवळेल, असं त्यानं लीलाला सांगितलं. आपण तिच्यावर काय ढकललंय, हे त्यानं सांगितलं नाही.

बाळाबाई रोज सकाळी सशाची खुशाली सांगायची. ससा गरीब आहे, नातवाच्या पाळण्याखालीच बसून असतो. त्र्यंबकनं सहज विचारलं, पाय आपटतो का. तिला प्रश्नच कळला नाही. पाय कशाला आपटेल, म्हणाली.

आठव्या दिवशी संध्याकाळी तो परसात तोंड धुवायला गेला तर आडावरची एक फळी बाजूला होती. नीट काढून भिंतीला टेकवून ठेवलेली. त्यानं ती परत जागेवर टाकली. दुसऱ्या दिवशी दोन फळ्या भिंतीला होत्या. वरून दत्तोपंतांनी ओरडून विचारलं, पोरगी आडाशी खेळते की काय.

त्र्यंबकनं कुंदाला आत बोलावलं आणि विचारलं. ती म्हणाली, मी नाही काढल्या. मग कुणी काढल्या?

"तुम्हीच काढल्यात की."

त्यानं तिच्या गालावर चापट मारली. खोटं बोलतेस, म्हणाला. हे तो म्हणाला, ज्यानं स्वतः आठ दिवसांपूर्वी तिला खोटं सांगितलं होतं. तिनं गालाला हातही लावला नाही. रात्री छापखान्यात खिळे उचलताना एकदम त्याच्या लक्षात आलं की ती फळी त्याला स्वतःलाही दोन्ही हातांनी, गुडघा लावून उचलावी लागली होती.

३

त्र्यंबक शिकलेला माणूस होता. रोज रात्री चार पानं डोळ्यांखालून जायची. झोपेत चालणाऱ्या माणसाबद्दल त्यानंच कधीतरी एक कोपऱ्यातली बातमी जुळवली होती. अकरा वर्षांची जागरणं, वर रॉकेलचा वास. होत असेल. लाज वाटण्यासारखं होतं, पण समजण्यासारखं होतं. आणि समजलं म्हणजे बंदोबस्त करता येतो.

त्यानं मागच्या दाराला आतून कुलूप घातलं आणि किल्ली जानव्याला बांधली. पुढच्या दारालाही तसंच. फळ्या बसवून वर पाणी तापवायचा बंब आडवा ठेवला. कुंदाला पाटी-पेन्सिल देऊन स्वयंपाकघरात बसवलं आणि कॉटवर पडला. झोप आली ती डोक्यावरून पांघरूण ओढल्यासारखी.

जागा झाला तेव्हा चार वाजले होते. किल्ल्या छातीवर होत्या. गाठ त्यानं मारली होती तशीच. तो मागच्या खोलीत गेला. कुलूप लागलेलं. कुंदा दारापासून लांब, पाण्याच्या पिंपाला पाठ लावून बसली होती आणि कडीकडं बघत होती. पाटी कोरी होती.

त्यानं कुलूप काढलं. बंब परसाच्या कोपऱ्यात उभा होता, नीट, पायावर. तीन फळ्या भिंतीला.

तो परत आत आला, कुंदासमोर खाली बसला. या वेळी त्याचा आवाज चढला नाही. काय झालं ते सांग, म्हणाला. तिनं सांगितलं ते अगदी साध्या शब्दांत. आज तुम्ही बाहेर होतात. दार वाजवत होतात. मला, ये, म्हणत होतात.

"आणि कॉटवर?"

"कॉटवर पण होतात. मी बघून आले."

त्यानं जानव्याला बांधलेल्या किल्ल्या चाचपून बघितल्या. मग त्यानं विचारलं, तुला काय करतो मी? काही नाही, ती म्हणाली. नुसता हात पुढं करता. आडापाशी उभं राहून. मी येत नाही म्हणून मग एक फळी काढता.

आणि मग ती त्याची समजूत घालावी तशी म्हणाली, "कापशा होता तेव्हा तुम्ही दारापर्यंतच यायचा. तो उठवायचा ना तुम्हाला."

४

दुसरा दिवस रविवार. लीला घरी होती, म्हणून कुंदाला सोडून जायला हरकत नव्हती. तो रात्रपाळी करून आला, झोपला नाही. जेवून बाराला सायकल काढली आणि गडमुडशिंगीला गेला. वाटेत त्यानं स्वतःला शंभरदा सांगितलं की पोरगी सशासाठी गोष्ट रचतेय. रचली असेल तर बरंच होतं. ससा आणून दिला की गोष्ट संपेल, आणि आपण तिची माफी मागू. मागायलाच हवी होती.

बाळाबाईचं घर ओढ्याच्या अलीकडं. सोप्यात बाज, आत माजघर, माजघरात पाळणा. घरची माणसं रानात गेली होती, बाळाबाई आणि तिचा दहा महिन्यांचा नातू एवढेच घरी. कापशा पाळण्याखाली पोतं पसरलं होतं त्यावर बसला होता. चांगला भरला होता. त्र्यंबकला बघून तो हलला नाही की कान हलवले नाहीत. त्र्यंबकला बरं वाटलं. इतका वेळ आपण कशाला घाबरत होतो ते त्यालाच कळेना. बाळाबाई म्हणाली, बसा भाऊ, च्या टाकते, आणि मागं चुलीकडं गेली.

सोप्यात सावली होती. गोठ्यात म्हैस रवंथ करत होती, चूल फुंकल्याचा आवाज येत होता. आदल्या दुपारपासून जागा असलेला माणूस तो. भिंतीला डोकं टेकलं तेवढंच त्याला आठवतं.

धप्प.

त्यानं डोळे उघडले. तो बाजेवरच होता, पाय खाली सोडलेले, हात मांडीवर. माजघराच्या दारात बाळाबाई उभी होती. तिच्या हातातला कप तिरका झाला होता आणि चहा तिच्या पायावर सांडत होता, तिला त्याचं भान नव्हतं. ती बघत होती पाळण्याकडं. मग तिची नजर हलली. पाळण्यापासून जमिनीवरून हळूहळू पुढं आली, माणूस चालत येताना त्याच्याकडं बघावं तशी. उंबऱ्याशी थांबली. उंबरा ओलांडला. सोप्यात आली, बाजेपाशी आली, आणि वर चढत त्र्यंबकच्या तोंडावर येऊन थांबली. त्याच क्षणी त्याच्या हातापायांत तो ओळखीचा जडपणा भरला.

कापशानं पुन्हा पाय आपटला नाही.

बाळाबाईनं कप खाली ठेवला, पोराला पाळण्यातून उचललं, छातीशी धरलं. त्र्यंबकनं विचारलं, मी उठलो होतो का? झोपेत चाललो का? तो अक्षरशः हात जोडून विचारत होता.

"न्हाई," ती म्हणाली. "तुम्ही हितंच हुता. म्या बगत हुते." आणि थोडं थांबून, "तुमचा ससा न्या, भाऊ. पण माज्या घरात परत डोळा मिटू नका."

ती त्याला वाकडं बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून दूध घालायला मात्र तिची सून यायला लागली.

५

कापशा घरी आला. त्र्यंबक कुंदाला म्हणाला, सापडला बघ. ती म्हणाली, बाळाबाईकडं होता, मला माहीत होतं. एवढंच. माफी मागायची राहून गेली.

दुपारचं धप्प पुन्हा सुरू झालं. आता तो आवाज झाला की त्र्यंबक उठून बसायचा आणि मागच्या खोलीच्या दाराकडं बघायचा. तिथं कधी काही दिसलं नाही. एकदाच, आवाज होऊन तो उठला तेव्हा दाराचा पडदा हलत होता, कुणी नुकतंच मागं सरल्यासारखा. आडावरच्या फळ्या जागच्या जागी राहिल्या. पण झोप गेली, आणि माणूस किती दिवस झोपेशिवाय राहील? रोज पहाटे घरी येताना त्याला वाटायचं, आज ससा आजारी पडला तर? आज त्यालाच झोप लागली तर?

लीलाला सांगायचं त्यानं अनेकदा मनात आणलं. वाक्यंही जुळवली. पण कसंही जुळवलं तरी ते एकाच जागी येऊन थांबायचं: मी माझ्या लेकीला आडाकडं बोलावतो. हे बायकोला कोण सांगेल? त्यापेक्षा आपणच लांब जावं. त्यानं लक्षतीर्थ वसाहतीकडं एक खोली घेतली, घरापासून दोन मैलांवर. लीलाला सांगितलं की दिवसा झोप होत नाही, ससा पाय आपटतो, काही महिने तिकडंच झोपेन, दुपारी कुंदाकडं दत्तोपंतांच्या घरचे बघतील.

लीलानं ते ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, मग ससा देऊन टाकू या की. सशासाठी माणसानं घर सोडायचं?

"सशाला हात लावायचा नाही," तो म्हणाला. इतक्या जोरात की तीही चपापली आणि तोही.

लीलानं त्याची वळकटी बांधून दिली. पेठेत लोक काय म्हणत होते ते तिच्या कानावर येत होतं, ती त्याच्या कानावर घालत नव्हती. तो रविवारी यायचा, जेवायचा, जाग राहावी म्हणून चहावर चहा प्यायचा. कुंदा त्याला पाटीवरची चित्रं दाखवायची. तो तिचा हात कधी धरायचा नाही. चार महिने काही झालं नाही. तिकडच्या खोलीत तो गाढ झोपायचा, आणि उठला की हातपाय हलके असायचे. त्याला वाटलं, सुटलो. घर गेलं, पण पोर वाचली.

६

पाचव्या महिन्यात एका आठवड्यात त्याचे हातपाय पुन्हा जड व्हायला लागले. गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी. हवा बदलतेय, असं तो स्वतःला म्हणाला. शनिवारी रात्रपाळीनंतर दिवाळी अंकाचं काम निघालं म्हणून रविवारी दिवसभर छापखान्यातच गेला, आणि तिथून तसाच, न झोपता, संध्याकाळी घरी आला. रविवारी रात्री पाळीला सुट्टी असायची.

लीलाच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू होतं. तिनं ठेवणीतली साडी नेसली होती. पाणी देताना म्हणाली, बरं झालं, आज उजळ माथ्यानं पुढच्या दारानं आलात.

त्याला कळलं नाही.

"काल आमची शाळा लवकर सुटली. दुपारी घरी आले तर तुम्ही परसात होतात, पाठमोरे. हाक मारणार होते. मग म्हटलं नको, आपणहून बोलतील. कुंदी म्हणाली, गुरुवारी आणि शुक्रवारी पण आला होतात."

शनिवारी दुपारी एक ते पाच त्र्यंबक दोन मैलांवरच्या खोलीत एका कुशीवर झोपलेला होता. त्यानं कॉटखाली बघितलं. तिथं पोतं नव्हतं, कोथिंबिरीची काडी नव्हती. लीलानं त्याची नजर बघितली आणि तीच सांगायला लागली. बुधवारी तिनं ससा देऊन टाकला होता. तिच्या शाळेतल्या बाईंचे भाऊ हंबीरराव मलकापूरला असतात, मोठं परसू आहे, दुसरे ससे आहेत, सुखात राहील. तुम्ही नको म्हणाला होतात, पण तुम्ही घराबाहेर आणि तो मुका जीव घरात, हे मला बघवेना. आणि बघा, तो गेला आणि दुसऱ्या दिवसापासून तुमची पावलं घराकडं वळली.

हे बोलताना तिचे डोळे भरून आले होते. ती त्याच्याकडं बघत होती, त्यानं फक्त एक शब्द बोलावा म्हणून. सांगायचं तर आत्ताच होतं. त्र्यंबकनं तोंड उघडलं.

"हो," तो म्हणाला. "आलो होतो."

तिनं पदरानं डोळे टिपले. त्यानं विचारलं, मलकापूरला आता एसटी आहे का. ती हसली, शेवटची कधीच गेली, आता सकाळी सहाला. एवढं काय सशाचं, म्हणाली. तो उठून मागच्या खोलीत गेला, दाराच्या फटीतून परसात बघितलं. आडावर एकच फळी होती, मधोमध. बाकीच्या चार भिंतीला रांगेनं टेकवलेल्या.

त्यानं कडी घातली. कडीनं काय होणार ते त्याला ठाऊक होतं. खोलीवर परत जाऊनही काही होणार नव्हतं. दोन मैल त्याला अडवत नाहीत हे कळलं होतं. सकाळी सहापर्यंत जागायचं, पहिली एसटी पकडायची, ससा आणायचा. कालपासून तो जागाच होता. अजून एक रात्र. एकच.

मागं वळला तर कुंदा दारात उभी होती. जवळ आली नाही. त्याच्या तोंडाकडं, मग पायांकडं, मग परत तोंडाकडं बघत तिनं हळूच विचारलं,

"अप्पा, आत्ता तुम्ही जागे आहात ना?"

"जागा आहे," तो म्हणाला.

बाहेरच्या खोलीतून लीलानं हाक मारली. किती दमलाय तुम्ही, डोळे बघा कसे लाल झालेत, आमटी होईपर्यंत घटकाभर पडा, मी उठवते. तो बाहेर आला तेव्हा ती गादी झटकत होती. कॉटवर नाही, आज सगळे खालीच झोपू, पहिल्यासारखे, म्हणाली. तिनं चादर घातली, कोपरे ओढून घेतले, उशी दोनदा थोपटून मऊ केली, आणि त्याचं अंथरूण कुंदाच्या अंथरुणाला अगदी चिकटवून सरकवलं.